आवाजाची वाट : घरी करावयाच्या जोडतारेसाठी समाक्ष तार कशी निवडावी



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, ज्या व्यासपीठावरून इतिहासावर, राज्यकारभारावर आणि संतवाङ्मयावर बोलले जाते, तेथे हा गृहस्थ हातभर तारेविषयी तासभर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण ज्यांच्या घरी गाण्याचा शौक आहे, ज्यांनी वडिलांच्या वेळच्या तबकड्या जपून ठेवल्या आहेत किंवा निदान दूरदर्शनसंचाचा आवाज चांगल्या ॲम्प्लिफायरवर ऐकण्याची हौस ज्यांना आहे, त्यांना हा विषय खिशाशी कसा येऊन भिडतो हे सांगावयास नको. दुकानात एका खुंटीवर मीटरला दोन कप चहाच्या भावाने मिळणारी काळी तार असते आणि शेजारच्या काचेच्या कपाटात तेवढ्याच लांबीची, सोनेरी टोप्यांची, मखमली पेटीतली तार हजारो रुपयांना ठेवलेली असते. दुकानदार म्हणतो, “साहेब, या तारेने आवाज खुलतो.” आवाज खुलतो म्हणजे नेमके काय होते आणि होत असेल तर कशाने, हे त्याला विचारून पाहा. तो तुम्हांला दुसरी, आणखी महागडी तार दाखवील!

तेव्हा आज आपण तारेकडे जरा निराळ्या बाजूने पाहू. तार कशी आहे हा प्रश्न दुसरा. ती कोणत्या दोन यंत्रांच्या मध्ये बसणार आहे, हा पहिला. सोयरीक जुळविताना जसे आपण दोन्हीकडची घरे पाहतो, तसेच येथेही करावे लागते. ही दोन घरे नीट पाहिली की तारेचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो, आणि तोही स्वस्तात.

प्रथम या तारेला काम काय असते ते पाहू. तबकडीची सुई, टेपरेकॉर्डर, रेडिओ, सीडीचे यंत्र यांपैकी कशातूनही जो विद्युत्‌संदेश निघतो तो फार दुबळा असतो. सीडीच्या यंत्रातून निघताना तो जास्तीत जास्त दोन व्होल्टच्या आसपास असतो. तबकडीच्या सुईतून निघतो तेव्हा तर व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. चारपाच मिलिव्होल्ट म्हणजे डोक्यावरून पाणी. हा संदेश ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचवायचा, वाटेत त्यातले काही गळू द्यायचे नाही आणि बाहेरचे काही त्यात मिसळू द्यायचे नाही, एवढेच जोडतारेचे काम. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी जो रोध असतो तो दहा हजारापासून पन्नास हजार ओहमपर्यंत असतो. त्यामुळे तारेतून वाहणारा प्रवाह अगदीच किरकोळ. दोन व्होल्टला ४७ हजार ओहमने भागा. ॲम्पिअरचे जेमतेम चारपाच लक्षांश भाग येतील. यावरून एक गोष्ट तेव्हाच निकालात निघते. तारेचा गाभा शुद्ध तांब्याचा असो, चांदीचा मुलामा दिलेला असो की पोलादावर तांबे चढविलेला असो, मीटरभर लांबीत त्याचा रोध एका ओहमच्या कितीतरी आत असतो. केबलवाल्याच्या तारेतला पोलादी गाभा घ्या. तो मीटरला फार तर ओहमच्या पाचव्या-सहाव्या भागाइतका रोध करील. ४७ हजारांपुढे त्याची काय मातब्बरी? नव्याण्णव टक्क्यांपुढे दशांशचिन्ह मांडून नवांची रांग लावलेल्या तांब्याच्या जाहिराती आपण वाचतो, त्या या हिशेबात कोठेच बसत नाहीत.

मग साधी दोन पदरी तार, दिव्याला लावतो तसली, का चालू नये? ती चालत नाही याचे कारण गळती नसून घुसखोरी हे आहे. आपल्या घरात चोहोबाजूंनी ५० हर्ट्झच्या विजेचे जाळे पसरलेले आहे. शिवाय पंख्याचे रेग्युलेटर, विजेचे नवे दिवे, मोबाइल ही मंडळी आहेतच. उघड्या तारेने हे सगळे उचलले की कर्ण्यातून ‘घूंऽऽ’ सुरू होते. यावरचा तोडगा फार जुना आहे. ऑलिव्हर हेविसाइड नावाचा एक इंग्रज होता. तारकंपनीत काही वर्षे नोकरी केलेला, पुढचे गणित स्वतःच शिकलेला आणि स्वभावाने विक्षिप्त. त्याने १८८० साली इंग्लंडात एका तारेचे पेटंट घेतले. एक वाहक मध्ये आणि दुसरा वाहक त्याच्याभोवती नळीसारखा. दोन्हींचा आस एकच, म्हणून ही समाक्ष तार. शेजारशेजारच्या दूरध्वनीच्या तारांमधून एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू जाई, ते थांबावे हा त्याचा हेतू होता. पुढे अमेरिकेत एस्पेनशीड आणि ॲफेल या दोघा अभियंत्यांनी १९३१ मध्ये पेटंट मिळविलेल्या समाक्ष तारेतून शेकडो संभाषणे एकाच वेळी पाठविण्याची वाट मोकळी झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने या तारांना ‘आर. जी.’ अशी नावे आणि क्रमांक दिले. आज आपण दुकानात ‘आर. जी. ५९ द्या’ म्हणतो, ते त्या लष्करी वहीतले क्रमांक आहेत. आणि १९९१ नंतर आपल्याकडे गल्लोगल्ली केबल टीव्ही आला तेव्हापासून तर हीच तार गच्चीवरून गच्चीवर, झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून घरोघर लोंबू लागली. हेविसाइडला हे पाहून काय वाटले असते कोण जाणे.

या नळीचे, म्हणजे बाहेरच्या जाळीचे, दोन फायदे आहेत आणि ते निरनिराळे आहेत. पहिला सर्वांना ठाऊक असतो. जाळी म्हणजे बुरखा. आसपासच्या विद्युत्‌क्षेत्राचा परिणाम जाळीवर होतो, आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरा फायदा आसामुळे होतो. जाण्याची वाट आणि परतीची वाट एकाच आसाभोवती असल्यामुळे त्या दोहोंच्या मध्ये मोकळी जागा, म्हणजे फासा, राहत नाही. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र दोन्ही वाहकांत सारखाच परिणाम घडविते आणि तो एकमेकांत फिटून जातो. तांब्याची पातळ जाळी ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला मुळीच अडवीत नाही, पण समाक्ष रचना त्याला निष्फळ करते. एवढ्यासाठीच घरगुती जोडतारेला समाक्ष तार उत्तम.

आता गळतीकडे येऊ, कारण खरी निवड तेथे करावयाची असते. दोन वाहक शेजारी असले आणि मध्ये विद्युत्‌रोधक असला की तेथे विद्युत्‌भार साठतो. या साठविण्याच्या गुणाला धारकता म्हणतात, आणि तिचे येथले माप पिकोफॅरड. तारेची जितकी लांबी अधिक तितकी धारकता अधिक. एका मीटरला आर. जी. ५८ या तारेत सुमारे १०० पिकोफॅरड भरतात. तीच करंगळीहून बारीक अशी आर. जी. १७४ घेतली तरी तेवढेच. भरीव पॉलिथिन असलेल्या आर. जी. ५९ मध्ये सुमारे ६७, आणि फेसाळ पॉलिथिन भरलेल्या केबल टीव्हीच्या आर. जी. ६ मध्ये ५४च्या आसपास. आर. जी. ६२ म्हणून एक तार आहे, तिच्यात ४४. पण ती आपल्या बाजारात हुडकावी लागते. फेसामध्ये हवेचे बुडबुडे असतात आणि हवेची धारकता सर्वांत कमी, म्हणून फेसाळ तार या बाबतीत पुढे.

ही धारकता करते काय? नळाच्या तोटीखाली लहानसे मडके ठेवावे तशी ती आहे. तोटी मोठी असली तर मडके क्षणात भरते आणि क्षणात रिकामे होते, कोणाला काही जाणवत नाही. तोटी बारीक असली तर मडके भरायला वेळ लागतो, आणि सेकंदाला दहापंधरा हजार वेळा भरा-रिकामे करा म्हटले की ते जमत नाही. म्हणजे तीव्र स्वर मार खातात, खर्जाला धक्का लागत नाही. तोटी किती बारीक आहे हे ठरते संदेश देणाऱ्या यंत्राच्या निर्गम-संरोधावर. संरोध म्हणजे रोधाचाच भाऊबंद. फिरत्या प्रवाहाला यंत्र किती अडवते त्याचे ते माप. हिशेब सोपा आहे. संरोध आणि धारकता यांचा गुणाकार करावयाचा, त्याला ६·२८ ने गुणावयाचे आणि त्याने एकाला भागावयाचे. जी वारंवारता येईल तेथे संदेशाची शक्ती निम्मी होते. तिच्या बरेच खाली काही बिघडत नाही.

पाहा. सीडीचे किंवा आजचे कोणतेही यंत्र घ्या. त्याचा निर्गम-संरोध १०० ओहमच्या आसपास असतो. दोन मीटर आर. जी. ५८ लावा, धारकता २०० पिकोफॅरड. उत्तर येते सुमारे ८० लाख हर्ट्झ! माणसाचा कान, तोही तरुणाचा, २० हजारांपर्यंत जातो. साठी उलटलेल्या आपल्यासारख्यांना तर १२ हजारांच्या पलीकडचे फारसे ऐकू येत नाही, हे या सभेत बोलायला हरकत नाही. म्हणजे अशा यंत्राला कोणतीही समाक्ष तार चालते. वाईट, बरी, चांगली असा भेदच तेथे शिल्लक राहत नाही, आणि मखमली पेटीतली तार घेऊन जो पैसा जातो तो मखमलीचा.

आता जुने यंत्र घ्या. नळ्यांवर चालणारा टेपरेकॉर्डर, किंवा रेडिओला कोणी कारागिराने मागाहून काढून दिलेले भोक. अशा ठिकाणी संरोध ५० हजार ओहम असू शकतो. तीच दोन मीटर आर. जी. ५८ लावली की अर्ध्या शक्तीची रेषा १६ हजार हर्ट्झवर उतरते. फेसाळ तारेने ती साडेएकोणतीस हजारांवर जाते. येथे फरक कानाला कळण्याजोगा आहे, निदान तरुण कानाला. तिसरा एक नमुना हल्ली हौशी लोकांत फार दिसतो : नुसत्या आवाजाच्या खुंटीची पेटी, आत ॲम्प्लिफायर काही नाही. खुंटी ५० हजार ओहमची असेल तर मध्यावर फिरविली असता पेटीतून बाहेर पाहणारा संरोध साडेबारा हजारांपर्यंत चढतो. तिच्यापुढे पाच मीटर आर. जी. ५८ टाकून पलीकडच्या खोलीत ॲम्प्लिफायर ठेवला, तर २० हजार हर्ट्झवर दोन डेसिबेलची घट येते. एक मीटर फेसाळ तार वापरली तर काहीही येत नाही. म्हणून अशा पेटीला पुढची तार आखूड ठेवावी आणि लांबी लागलीच तर ती पेटीच्या मागच्या बाजूला, सीडीच्या यंत्राकडे घ्यावी.

सर्वांत नाजूक ठिकाण मात्र तबकडीच्या सुईचे. तेथे जरा थांबणे आवश्यक आहे. आज बहुतेक तबकडीयंत्रांत हलत्या चुंबकाचे कार्ट्रिज असते. त्यात बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी असते, आणि गुंडाळीचा प्रवर्तन नावाचा एक गुण आहे. प्रवर्तन आणि धारकता एकत्र आली की त्यांचा झोका ठराविक वारंवारतेला झुलू लागतो, ज्याप्रमाणे देवघराची घंटा आपल्या एका स्वरातच वाजते. कार्ट्रिजचे प्रवर्तन अर्धा हेन्री धरा. यंत्राच्या भुजेतली तार आणि ॲम्प्लिफायरचे तोंड मिळून १५० पिकोफॅरड आधीच हजर असतात. त्यात तुमची एक मीटर फेसाळ तार मिळवली की एकूण २०० झाले. झोका १६ हजार हर्ट्झवर बसला. ठीक आहे. पण तुम्ही कपाट लांब आहे म्हणून अडीच मीटर आर. जी. ५८ टाकलीत तर एकूण ४०० होतात आणि झोका सव्वाअकरा हजारांवर उतरतो. त्याच्या अलीकडे आवाज काही डेसिबेलांनी उगाच उंचावतो आणि पलीकडे झपाट्याने कोसळतो. परिणाम काय? गायिकेचा ‘स’ शिट्टीसारखा टोचतो, तबकडीवरच्या धुळीची चरचर वाढते, आणि तंबोऱ्याच्या जवारीतली सर्वांत वरची झळाळी मात्र पुसली जाते. ऐकणारा म्हणतो, तबकडी झिजली. तबकडी बिचारी शाबूत असते!

म्हणून कार्ट्रिजबरोबर येणारा कागद फेकू नये. त्यावर निर्मात्याने किती पिकोफॅरडचा भार असावा ते लिहिलेले असते. ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकेत त्याच्या तोंडाशी किती आहे तेही बहुधा असते. वजाबाकी केली की तारेच्या वाट्याला किती येतात ते समजते. कधी कधी धारकता कमी पडूनही आवाज बिघडतो, तेव्हा सर्वांत कमी धारकतेची तार हीच सर्वांत चांगली असेही समजू नये. जुन्या स्वस्त यंत्रांतल्या सिरॅमिक कार्ट्रिजची गोष्ट निराळी; ते स्वतःच धारकासारखे असल्यामुळे तारेने फक्त एकूण आवाज किंचित उतरतो, स्वरांचा तोल बिघडत नाही. आणि १९२५ पूर्वी, विजेच्या ध्वनिमुद्रणाच्या आधी, गवयाने कर्ण्यात तोंड घालून म्हटलेल्या ज्या तबकड्या आहेत त्यांत ५ हजार हर्ट्झच्या वर मुळात फारसे काही नाहीच. त्यांच्यासाठी धारकतेची काळजी करणे म्हणजे ओसाड गावाला वेस बांधणे.

येथे कोणी जाणकार विचारील की, तारेवर ७५ ओहम, ५० ओहम असे छापलेले असते त्याचे काय? तो आकडा तारेच्या स्वाभाविक संरोधाचा. तार जेव्हा संदेशाच्या तरंगलांबीच्या मानाने लांब असते तेव्हाच त्याला अर्थ येतो, कारण मग संदेश दुसऱ्या टोकावरून परतून येऊ शकतो. २० हजार हर्ट्झच्या संदेशाची तरंगलांबी तारेत सुमारे १० किलोमीटर असते. तुमची तार एक मीटरची. तेव्हा ऐकण्याच्या संदेशासाठी हा आकडा विसरून जावा. मात्र सीडीच्या यंत्रातून नारिंगी भोकातून जो अंकीय संदेश निघतो, त्याची वारंवारता काही मेगाहर्ट्झ असते आणि त्याच्या कडा त्याहूनही तीक्ष्ण असतात. तेथे ७५ ओहमचीच तार घ्यावी, आणि त्यासाठी केबल टीव्हीची तार ही अगदी जन्मजात योग्य.

आता घुसखोरीचा दुसरा प्रकार. बहुतेक घरांत जो ‘घूंऽऽ’ ऐकू येतो तो हवेतून येत नाही; तो जाळीतून चालत येतो. समाक्ष तारेत जाळी एकाच वेळी बुरखाही असते आणि संदेशाची परतीची वाटही असते. आपल्या मंडपातल्या या ध्वनिक्षेपकाच्या तारेत तसे नाही. तिच्यात दोन गाभे वेगळे आणि बुरखा वेगळा, म्हणून ती पन्नास मीटर ओढली तरी चालते. घरच्या यंत्रांत ती सोय नसते. समजा, तुमचा ॲम्प्लिफायर तीन पिनांचा आहे, म्हणजे घराच्या भूतारेला जोडलेला. दूरदर्शनच्या पेटीला केबलवाल्याची तार आलेली, आणि तिची जाळी चार घरे पलीकडे कोणत्या तरी दुसऱ्याच जमिनीला टेकलेली. या दोन जमिनींची पातळी सारखी नसते. तुम्ही पेटी आणि ॲम्प्लिफायर जोडलेत की दोन जमिनींमधला प्रवाह तुमच्या जोडतारेच्या जाळीतून वाहू लागतो. तो १० मिलिॲम्पिअर आहे असे धरू. जाड तांब्याच्या जाळीचा रोध मीटरला १० मिलिओहमच्या आसपास असतो. तिच्यावर दशांश मिलिव्होल्ट पडेल. दोन व्होल्टच्या संदेशाचा तो वीस हजारावा भाग. कोणाला ऐकू येणार नाही. पण जाळी विरळ असली, प्लगची पकड सैल किंवा गंजलेली असली आणि मिळून रोध एक ओहम झाला तर १० मिलिव्होल्ट पडतात, संदेशाचा दोनशेवा भाग. गाणे थांबले की घरघर स्पष्ट ऐकू येते.

म्हणून माझ्या मते जोडतारेत पैसा घालावयाचाच असेल तर तो जाळीत आणि प्लगात घालावा, गाभ्यात नव्हे. दाट विणलेली तांब्याची जाळी, ९५ टक्के झाकणारी, ही पहिली पसंती. केबल टीव्हीच्या बहुतेक तारांत ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि त्यावर ॲल्युमिनियमची विरळ जाळी असते. दूरदर्शनच्या लहरी अडवायला ती पुष्कळ, पण वाहक म्हणून दुबळी. शिवाय तिला डाख बसत नाही, ही अडचण मोठी.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. घरघर जावी म्हणून ॲम्प्लिफायरच्या प्लगाची तिसरी पिन तोडणारे लोक आहेत. घरघर खरोखरच जाते. पण त्या पिनेचे काम घरघरीचे नसून जिवाचे आहे. आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली तर तोच पत्रा हाताला लागतो. पिन तोडू नये. घरघर केबलवाल्याच्या तारेमुळे आहे हे ती काढून पाहिल्याबरोबर समजते, आणि तेवढ्या तारेच्या तोंडी बसवायला दोन्ही जाळ्या विलग करणारा लहानसा आयसोलेटर मिळतो. तो लावावा. डाव्या आणि उजव्या बाजूंच्या दोन तारा एकमेकींना चिकटवून बांधाव्या, कारण त्या दूर पसरल्या की त्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पुन्हा तो फासा तयार होतो.

बाजारात जाताना खिशात दोन वस्तू ठेवाव्या, एक लहान लोहचुंबक आणि एक पेनचा चाकू. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ज्याला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, किंवा पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीकडे गेलात तर तारेचे वीस नमुने पुढे येतील आणि सगळे ‘प्युअर कॉपर’ असतील. गाभ्याला चुंबक लावा. चिकटला तर आत पोलाद. त्याने आवाज बिघडत नाही हे आपण पाहिलेच, पण अशी तार ताठ असते, वारंवार वाकवली की प्लगापाशी मोडते. गाभा कापून टोक पाहा. बाहेर तांबूस आणि आत पांढरा असेल आणि चुंबकाला चिकटत नसेल तर ते ॲल्युमिनियम. जाळी पांढरी दिसली तरी लगेच नापसंत करू नका. तांब्याला कथलाचा मुलामाही असतो. चाकूने खरवडा. खाली लाल निघाले तर तांबे, पांढरेच राहिले तर ठेवा खाली. जाळीचे वेष्टन सोलून तिच्यातून आतले पॉलिथिन किती दिसते तेही पाहा; जितके कमी दिसेल तितके बरे. जाडी विसरू नका. आर. जी. ६ जवळजवळ ७ मिलिमीटर जाड असते आणि पुष्कळ प्लगांच्या मागच्या नळीत शिरतच नाही. आर. जी. ५९ सुमारे ६ मिलिमीटर; तिला मोठ्या तोंडाचा प्लग मिळतो. तारेवर बाण छापून ‘याच दिशेने लावा’ असे लिहिलेले असेल तर स्मितहास्य करावे. संदेश फिरता असतो. तो सेकंदाला हजारो वेळा तारेतून जातो आणि परत येतो, बाण पाहून थबकत नाही.

ज्यांच्या मल्टिमीटरवर धारकता मोजण्याची सोय आहे त्यांना छापील आकड्यांवर विसंबण्याचेही कारण नाही. मात्र एक मीटरचे माप घेऊ नका. यंत्राची स्वतःची चूक त्यात मोठी ठरते. दहा मीटरचे वेटोळे तसेच ठेवून, पलीकडचे टोक मोकळे सोडून, गाभा आणि जाळी यांच्यामध्ये माप घ्या आणि दहाने भागा.

प्रत्यक्ष जोडणीत एकच धोका आहे, उष्णता. डाखण्याच्या कावीयाचे टोक साडेतीनशे अंशांपर्यंत तापते आणि पॉलिथिन एकशेदहाच्या आसपास वितळू लागते. फेसाळ तर आणखी लवकर मऊ होते. गाभा मग वितळलेल्या जागेतून सरकत सरकत जाळीला जाऊन टेकतो, आणि तार वरून सुबक दिसूनही मुकी होते. म्हणून प्लगाच्या पाकळीला आधी वेगळे कथील लावून घ्यावे, जाळी पिळून तिलाही लावून ती थंड होऊ द्यावी, आणि मग दोन्ही एकत्र आणून दोनतीन सेकंदांत काम उरकावे. झाल्यावर मल्टिमीटरने गाभा आणि जाळी यांच्यात संपर्क नाही ना हे पाहावे, आणि ते पाहताना प्लगापाशी तार इकडेतिकडे हलवावी. तारेचा भार डाखावर न येता प्लगाच्या मागच्या पकडीवर आला पाहिजे. घरी केलेल्या तारा बिघडतात त्या बहुधा याच ठिकाणी.

एवढे करूनही मनात शंका राहतेच की शेजाऱ्याची महाग तार आपल्या तारेहून गोड वाजत असेल. तिचे निरसन करण्याची रीत घरात उपलब्ध आहे. घरातल्या कोणाला तरी यंत्राच्या मागे बसवा आणि आपण पाठ करून बसा. त्याने नाणे उडवावे. छापा आला तर एक तार, काटा आला तर दुसरी, आणि काय लावले ते कागदावर लिहून ठेवावे. काहीच बोलू नये. आवाजाची खुंटी जागची हलवू नये. गाण्याचा तोच तुकडा दहा वेळा ऐकून आपण दहा उत्तरे लिहावी आणि मग कागद ताडून पाहावे. नुसत्या अंदाजाने दहापैकी सातआठ उत्तरे बरोबर येणे काही नवलाचे नाही. आठ किंवा अधिक बरोबर येण्याचा योग अठरात एकदा तरी येतोच. नऊ किंवा दहा बरोबर आली तर मात्र लक्ष द्यावे, कारण ते नुसत्या नशिबाने शंभरात एकदाच घडते. तसे झाले तर पुन्हा दोन्ही तारांची धारकता मोजा, लांबी पाहा, प्लगांची पकड पाहा. फरकाचे कारण तेथे सापडेल.

व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतून एक प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर येथे जोडतो. ॲम्प्लिफायरपासून कर्ण्याच्या पेटीपर्यंतची तारही अशीच समाक्ष करावी काय? करू नये. तेथे वाहणारा प्रवाह लक्षांशांत नसून ॲम्पिअरमध्ये असतो आणि समोरचा रोध चारआठ ओहम. घुसखोरीचे भय तेथे नाही, पण तारेचा रोध तेथे खरोखर मोजावा लागतो. त्या कामाला साधी, जाड, दोन पदरी तांब्याची तार घ्यावी. पाचसहा मीटरपर्यंत दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची पुरते.